ओल्या पट्ट्या, जुलै महिना आणि माझ्या जहाजाचा हल

मागच्या जूनमध्ये मुलगा पुण्याला हॉस्टेलवर गेला, त्याचं अभ्यासाचं टेबल रिकामं झालं, आणि कपाटावर दीड वर्ष पडून असलेला जहाजाचा डबा मी खाली काढला. लाकडी जहाजाचं मॉडेल, तेही आयुष्यातलं पहिलंच. सांगाडा आठवड्याभरात उभा राहिला आणि मग हलच्या, म्हणजे जहाजाच्या बाहेरच्या अंगाच्या, फळ्या लावायला घेतल्या त्या थेट नोव्हेंबरपर्यंत. मधे एकदा लावलेल्या नऊच्या नऊ ओळी उचकटून काढल्या. हे सगळं लिहून ठेवतेय कारण या कामाबद्दल मला जे वाचायला मिळालं ते बहुतेक सगळं थंड, कोरड्या हवेतल्या लोकांनी लिहिलेलं होतं, भांडुपला पाचव्या मजल्यावर जुलै महिन्यात लाकूड कसं वागतं ते कुणीच सांगत नव्हतं, आणि मला ते आधी कळलं असतं तर दीड महिना वाचला असता.

ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. प्लायची एक उभी पट्टी असते ती कील, तिच्या खाचांमधे आडवे तुकडे बसवायचे ते बल्कहेड, आणि हे सगळं चिकटवलं की पापलेटचा काटा उभा धरल्यासारखं दिसतं. त्या काट्यावर लांब लांब पट्ट्या लावत जायच्या म्हणजे जहाजाचं पोट तयार होतं. माझ्या किटमधे दोन थर होते, आतला लाइमवुडचा दीड मिलिमीटर जाड आणि पाच रुंद, आणि त्यावर दिसणारा थर अक्रोडाचा, ०.६ मिलिमीटरचा. जहाज म्हणजे १८व्या शतकातली एक ब्रिटिश कटर, एकच डोलकाठी, वेगवान, स्मगलर लोकांचा पाठलाग करायला असली जहाजं वापरायचे. मूळ ७५ फुटी आणि स्केल १:६४, म्हणजे मॉडेलचा हल साधारण ३६ सेंटिमीटर. मावसभाऊ इंग्लंडहून येताना घेऊन आला होता.

आता मला जहाजाचं वेड कुठून लागलं, तर माझं ऑफिस फोर्टात आहे, लायन गेटपासून चालत पाच मिनिटांवर. रोज नेव्हल डॉकयार्डच्या भिंतीच्या कडेने जायचं आणि आत काय आहे ते कधीच दिसत नाही. त्या भिंतीमागे १७५० सालची बॉम्बे डॉक आहे. सुरतेहून १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया इथे आले आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या या जागी जहाजं बांधली, सागवानाची. त्यातलं एक ट्रिंकोमाली, १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरलं, जमशेटजी बोमनजी वाडियांच्या देखरेखीखाली बांधलेलं, आणि ते आज २०० वर्षांनंतरही इंग्लंडमधे हार्टलपूलला तरंगतंय. त्याचे नकाशे लंडनहून ज्या जावा नावाच्या जहाजातून पाठवले होते ते १८१२ मध्ये अमेरिकन जहाजाबरोबरच्या लढाईत गेलं, मग नकाशे पुन्हा पाठवावे लागले. हे वाचल्यापासून मला ती भिंत बघवत नाही इतकं आत काय झालं असेल याचा विचार येतो. माझी कटर मुंबईत बांधलेली नव्हे हे मला माहितीये, पण वाकड्या अंगावर सरळ फळी कशी बसवतात हे हाताने करून बघायचं होतं आणि सुरुवातीला हेच झेपेल असं वाटलं.

तर पहिला प्रयत्न. सूचनांमधे लिहिलेलं, पट्टी अर्धा तास पाण्यात भिजवा, वाकवा, फेव्हिकॉलने चिकटवा. घरात पीव्हीसी पाइपचा तुकडा होता त्याचं एक तोंड बंद करून त्यात गरम पाणी भरलं, पट्ट्या उभ्या सोडल्या, बाहेर काढून लगेच बल्कहेडवर लावल्या आणि कपड्याच्या चिमट्यांनी दाबून ठेवल्या. ओली पट्टी हातात इतकी सुंदर वाकते की थांबवतच नाही, एका संध्याकाळी तीन तीन लावल्या मी. चिमटे सगळे जहाजाला, आणि बाहेर धो धो पाऊस, घरात दोऱ्या बांधून कपडे वाळत घातलेले. सासूबाई रोज विचारायच्या, "अगं चिमटे किती लागतात तुला, माझे परकर पडतायत सगळे पंख्याच्या वाऱ्याने."

सहा फळ्या एका बाजूला लावून झाल्या मग दुसऱ्या बाजूला तीन लावल्या. तेव्हा लक्षात आलं की पुढच्या टोकाला, नाळेकडे, काहीतरी बिनसलंय. फळी मधोमध छान बसायची पण पुढे गेली की तिला जागाच उरायची नाही, खालच्या फळीवर चढायची. मी बोटाने दाबून धरायचे, फेविक्विकचा थेंब टाकायचे, ती बसायची, आणि तिची दुसरी कड वर उचलली जायची. हातावर घेऊन बघितलं तर नाळेजवळ पापुद्रे सुटलेल्या भाकरीसारखं दिसत होतं. मग दोन दिवस पाऊस उघडला, मी त्या खोलीत रात्रभर एसी लावून ठेवला म्हणजे सगळं नीट वाळेल, आणि सकाळी बघते तर प्रत्येक दोन फळ्यांच्या मधे फट. पोस्टकार्ड सरकेल एवढी. आणि कील, जी सरळ रेषेत असायला हवी, ती वरून बघितली तर केळ्यासारखी, टोकाला ३ मिलिमीटर बाजूला गेलेली.

त्या दिवशी मी जहाज कापडात गुंडाळून ठेवून दिलं. चार दिवस हात लावला नाही.

मग सासूबाईंनी काढलं बाहेर. त्यांना खरं तर चिमटे हवे होते. पण त्या बसल्या चष्मा लावून बघत, आणि त्यांनी आयुष्यभर शेजारणींचे ब्लाऊज परकर शिवलेत, त्यामुळे त्यांना कापड म्हणूनच दिसलं ते. म्हणाल्या, "हे मधे फुगीर आणि टोकाला निमुळतं आहे ना, मग सगळ्या पट्ट्या एकसारख्या रुंद कशा चालतील? परकराला कळ्या काढतो तशा कळ्या काढ. कमरेशी अरुंद, खाली रुंद. तू सरळ कापडाचा परकर करायला निघालीस."

मी इतकं वाचलं होतं, टेपर करा, टेपर करा, सगळीकडे तो शब्द होता, आणि मला वाटायचं टेपर म्हणजे शेवटी जरा घासून घ्यायचं. कळी म्हटल्यावर एका क्षणात कळलं. परकराच्या घेरात सगळ्या कळ्या वरपासून खालपर्यंत जातात, एकही मधेच संपत नाही, फक्त प्रत्येक कळी कमरेपाशी सारख्याच हिशोबाने अरुंद होते. जहाजाचं अगदी तेच. मधल्या बल्कहेडचा घेर मोठा, नाळेचा छोटा, पण फळ्यांची संख्या दोन्हीकडे तीच.

वाकलेल्या कीलचं उत्तर मात्र वर्सोव्याला मिळालं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात आणि दुरुस्त्या, रंगकाम चालू असतं. ऑफिसातल्या एका मैत्रिणीचं माहेर तिथलं, ती मला जुलैच्या शेवटच्या रविवारी घेऊन गेली. आता बऱ्याच होड्या फायबरच्या झाल्यात पण एक लाकडी होती आणि तिच्या पाण्याखालच्या दोन फळ्या बदलायचं काम चाललेलं. सुतारकाका सत्तरीचे असतील. मी फोनमधला माझ्या जहाजाचा फोटो दाखवला तर त्यांनी तो दोन बोटांनी मोठा करून करून पाहिला, लहान मुलाचं काम म्हणून सोडून दिला नाही. मग म्हणाले, "बाय, एका अंगाला सा नि दुसऱ्या अंगाला तीन? मग पठाण वाकनारच." पठाण म्हणजे कील, हा शब्द मला तिथे कळला. एक फळी या अंगाला, लगेच एक त्या अंगाला, जोडीनेच चढायचं. गोंद वाळताना आणि लाकूड आक्रसताना प्रत्येक फळी ओढ लावते, दोन्हीकडून सारखी ओढ लागली तर सांगाडा मधे सरळ राहतो.

आणि दुसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मी विचारलं की फळी ओली असताना बसवता का, तर ते म्हणाले, "वाकवायला ओली चालंल, बसवायची सुकीच. सुकी बसवली का मंग पान्यात जाऊन फुगते नि फटी आपोआप बंद होतात." खऱ्या होडीत फटीत कापूस ठोकतात, वरून लाकूड फुगतं, आणि अंग घट्ट होतं. माझं जहाज कधीच पाण्यात जाणार नाही, ते एसीच्या खोलीत जाणार, म्हणजे माझ्याकडे उलटा प्रवास. मी फुगलेलं लाकूड बसवत होते आणि ते नंतर आक्रसत होतं. घरी येऊन व्हर्नियरने मोजलं. कोरडी पट्टी ५.० मिलिमीटर, अर्धा तास भिजवलेली ५.२. लांबीत काही फरक नाही, लाकूड आडवंच फुगतं. ०.२ म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण पोस्टकार्ड तेवढंच जाड असतं.

ऑगस्टमधे उचकटायला बसले. पाणी लावलं तर प्लायचे बल्कहेड फुगतील म्हणून आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरलं, ते स्पिरिट ब्रशने सांध्यावर सोडायचं, दहा मिनिटं थांबायचं, फेव्हिकॉल रबरासारखा मऊ होतो मग पातळ सुरी घालून हळू उचलायचं. जिथे फेविक्विक होतं तिथे ॲसिटोन, कापसाच्या बोळ्याने. खिडक्या उघड्या, मास्क लावून, आणि जवळपास समई निरांजन काही नको, दोन्ही भडकन पेट घेतात. तीन रविवार गेले. फळ्या निघाल्यावर कील स्वतःहून बरीच सरळ झाली, एक मिलिमीटर बाक राहिला. नागदेवी स्ट्रीटवरून ॲल्युमिनियमच्या दोन एल पट्ट्या आणल्या, कील त्यांच्यामधे शिकंज्यात धरली, आणि प्रत्येक दोन बल्कहेडच्या मधल्या पोकळीत बाल्साचे, म्हणजे अगदी हलक्या मऊ लाकडाचे, ठोकळे बसवून चिकटवले. दोन दिवसांनी शिकंजा काढला तर सरळ, आणि तशीच राहिली. माझं आता पक्कं मत आहे की सूचनांमधे असो नसो, हे ठोकळे पहिल्या दिवशीच भरावेत, निदान पुढच्या आणि मागच्या दोन दोन खणांत तरी, कारण नाळेला वळण तीव्र असतं आणि तिथे फळीला टेकायला नुसत्या प्लायच्या कडा पुरत नाहीत.

मग घासकाम. पहिल्या वेळी मी हे एका तासात उरकलं होतं, या वेळी अकरा दिवस लागले, रोज रात्री तासभर. बल्कहेड लेझरने कापलेले असतात त्यामुळे कडा जळून काळ्या असतात, आणि तो काळा रंगच मोजमाप म्हणून वापरायचा. पुढच्या अर्ध्या भागात फळी नाळेकडे आत वळते, म्हणून प्रत्येक बल्कहेडची पुढची कड घासून तिरकी करायची, आणि मागच्या कडेची काळी रेघ जेमतेम शिल्लक ठेवायची. ती रेघ गेली म्हणजे जास्त घासलं, आकार बिघडला. मागच्या अर्ध्या भागात याच्या बरोबर उलट. दर थोड्या वेळाने एक कोरडी पट्टी चारपाच बल्कहेडवरून आडवी धरून बघायची, ती सगळ्यांना पूर्ण रुंदीने टेकली पाहिजे, कुठे फक्त टोकावर नाचता कामा नये. एका ठिकाणी माझा बल्कहेडच खोल होता, तिथे प्लायची चकती चिकटवून वर आणला.

मागच्या टोकाचा एक हिशोब पहिल्या वेळी माझ्या डोक्यातच आला नव्हता. कील ५ मिलिमीटर जाड आहे आणि तिच्या मागे सुकाणूचा खांब येणार तोही ५ चा. फळ्यांचे दोन थर मिळून २.१, दोन्ही बाजूंचे ४.२. म्हणजे कील तशीच ठेवली तर मागे ९.२ चा जाड गठ्ठा होणार आणि त्याला ५ चा खांब कसा लावणार? म्हणून कील मागच्या टोकाला दोन्हीकडून तासून एक मिलिमीटरच्या आसपास आणावी लागते, पुढे हळूहळू जाड होत जाणारी. त्या तासायच्या भागाची वरची हद्द आधी पेन्सिलने काढायची. पटाशीने केलं, बारीक बारीक, श्वास धरून, कारण त्या जाडीला प्लायचा एक थर निघून आला तर मागचं टोकच गेलं.

आता कळ्या. कागदाची अरुंद पट्टी घेऊन प्रत्येक बल्कहेडचा घेर मोजला, डेकच्या रेषेपासून कीलपर्यंत. मधे १०० मिलिमीटर भरला, म्हणजे ५ च्या वीस फळ्या. नाळेजवळ ६२, म्हणजे तिथे प्रत्येक फळी ३.१. नियम असा आहे की फळी अर्ध्याहून अरुंद करू नये, म्हणजे माझ्या २.५ च्या खाली नाही, तर ३.१ चालतंय. मागे मात्र १०८ भरला, तिथे वीस फळ्या पुऱ्या रुंदीच्या लावूनही ८ मिलिमीटर उरतात. ते ओढून ताणून भरायचे नाहीत. तिथे दोन फळ्यांच्या मधे पाचरीसारखी टोकदार फळी घालतात, मी ४-४ च्या दोन घातल्या. खऱ्या जहाजातही तेच करायचे. सासूबाई म्हणाल्या, घेर कमी पडला की आम्ही पण जोड देतो, त्यात काय.

घेराच्या कागदी पट्टीवर वीस सारखे भाग पाडायला एक फार छान युक्ती आहे. एका मोठ्या कागदावर एका बिंदूतून निघणाऱ्या एकवीस रेघा काढायच्या, पंख्यासारख्या, आणि कुठल्याही उभ्या रेषेवर त्यांच्यातलं अंतर सारखं येईल अशा. मग घेराची पट्टी त्या पंख्यावर उभी धरून पुढे मागे सरकवायची, जिथे पहिली आणि शेवटची रेघ पट्टीच्या दोन टोकांना बरोबर लागेल तिथे थांबायचं आणि मधल्या रेघा जिथे कापतात तिथे खुणा करायच्या. एकही भागाकार करावा लागत नाही. त्या खुणा मग बल्कहेडच्या कडेवर. सगळ्या खुणा झाल्यावर चार चार फळ्यांचे पट्टे काळ्या दोऱ्याने आखून बघितले, दोरा वळणाने सुरेख जातोय की कुठे पोटात येतोय ते लांबून दिसतं. मी दोरे दोन ठिकाणी हलवले. घासण्यापासून इथपर्यंत चिकटवलेलं काहीच नव्हतं आणि तरी माझ्या मते अर्ध्याहून जास्त हल इथेच होऊन गेला होता.

प्रत्यक्ष फळी लावायची पद्धत शेवटी अशी ठरली. फळीचं प्रत्येक बल्कहेडवरचं माप डिव्हायडरने पट्टीवर घ्यायचं, दोन स्टीलच्या फूटपट्ट्यांमधे पट्टी आवळून छोट्या रंध्याने जादा भाग काढायचा. डाव्या उजव्या बाजूच्या दोन पट्ट्या एकत्रच, म्हणजे जुळ्या निघतात. मग पंधरा मिनिटं पाण्यात. बाहेर काढून पुसायची आणि वळण द्यायचं. नाळेच्या वळणासाठी मी लाकडी पाटावर खिळे ठोकून साचा केला होता. आणि एक वळण असंही लागतं जे पट्टीच्या रुंदीतच, म्हणजे आडवं, तलवारीसारखं. ते जबरदस्तीने जहाजावर दिलं तर कड उचलते, पहिल्या वेळचे पापुद्रे हेच होते. ते वळण टेबलावर सपाट धरून द्यायचं, दोन टोकं क्लॅम्पमधे, मधे बाजूला ओढून, आणि वर इस्त्री, जास्त नाही, वाफ थांबेपर्यंत. लागतं त्यापेक्षा थोडं जास्त वाकवायचं कारण सोडल्यावर थोडं परत येतं.

आणि मग थांबायचं. हे थांबणं शिकायला मला नऊ फळ्यांची किंमत द्यावी लागली. वाकवलेल्या पट्ट्या साच्यातच ठेवून रात्रभर एसीच्या खोलीत ड्राय मोडवर, आणि सकाळी हवाबंद डब्यात, ज्यात बुटांच्या खोक्यांमधून, औषधांच्या बाटल्यांमधून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या. संध्याकाळी ऑफिसहून आलं की व्हर्नियर. ५.२ ची ५.० झाली, टेपर केलेल्या टोकाला ३.१ ची खरोखर ३.१ आहे, तरच गोंद. म्हणजे दिवसाला एक जोडी, त्याहून जास्त नाही. सप्टेंबरमधे मुंबईची हवा काय असते तुम्हाला माहितीये, मीठ सुद्धा बरणीत पाझरतं, डब्याशिवाय हे होणारच नव्हतं.

गोंदाचंही या हवेत वेगळं असतं. फेव्हिकॉल वाळायला दुप्पट वेळ घेतो, चिमटे लवकर काढले तर फळी रात्रीतून उठते. आणि फेविक्विक हवेतल्या ओलाव्यानेच धरतं त्यामुळे आपल्याकडे पावसाळ्यात क्षणात धरतं, फळी सरकवायला वेळच मिळत नाही, शिवाय आजूबाजूला पांढरट बुरा येतो. आतल्या थराला चालतं, दिसणाऱ्या थराला अजिबात नको. मी पूर्ण फेव्हिकॉल, फक्त नाळेच्या टोकाला फेविक्विकचा एक ठिपका, एवढ्यावर आले.

कीलला लागून येते ती पहिली फळी, तिच्याबद्दल एक सांगते. ती नाळेकडे वर चढवायचा मोह होतो कारण कीलचं वळण तिला वर नेतं. मी पहिल्या वेळी नेली होती वरपर्यंत, आणि तिथेच बाकी सगळ्या फळ्यांची जागा खाल्ली गेली. या वेळी कील वर वळायला लागते त्याच्या आधीच तिला थांबवलं. ती खाली राहिली की वरच्या सगळ्या फळ्यांना नाळेत नीट रांगेने शिरता येतं.

गणपतीत पाच दिवस काम बंद, टेबलावर मोदकांचे डबे. त्यानंतर दहा दिवसांत पोट बंद होत आलं. वरून बारा आणि खालून सात असं करत आले होते, मधे पोटाच्या गोलाईवर शेवटची एक फट उरली, दोन्ही बाजूंना. शेवटच्या फळीचं माप डिव्हायडरने नाही घेतलं, फटीवर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल आडवी घासली, कडा उमटल्या, तो कागद पट्टीवर चिकटवून कापलं. तिथे गोलाई असल्यामुळे फळीच्या दोन्ही कडा आतून जरा तिरक्या कराव्या लागतात, नाहीतर बाहेरून फट दिसते. चारदा घासून पाचव्यांदा ती अंगठ्याने दाबल्यावर बसली. डावीकडची आत जाताना बारीकसा टक असा आवाज आला, सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, मोडलं का काय? मी म्हटलं, नाही आई, बसलं. त्या पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आल्या आणि हल उलटा करून पाहिला, आणि नाळेवरून बोट फिरवत म्हणाल्या, "आता कळ्या जमल्या."

लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल कालवून दोनतीन बारीक खड्डे भरले, १२० चा, मग २२० चा पॉलिश पेपर. डोळ्यांपेक्षा बोटांना जास्त कळतं, डोळे मिटून तळवा फिरवायचा. सकाळी सात वाजता पूर्वेच्या खिडकीतून ऊन तिरकं येतं तेव्हा उरलेले उंचवटे सावली टाकतात, ते टिपून घ्यायचे.

वरच्या थराला मी अक्रोड वापरलं नाही. किटमधल्या पट्ट्या रंगाने एकमेकींशी जुळत नव्हत्या, आणि खरं कारण म्हणजे त्या डॉकयार्डच्या भिंतीमुळे मला सागवानच हवं होतं. रे रोडच्या लाकूडबाजारात सागवानी व्हिनियरची शीट मिळाली, अर्धा मिलिमीटरची. दुकानदाराने आधी मोठ्या लाटांच्या रेषांची सुंदर शीट काढली, पण १:६४ ला ती लाट एवढी मोठी दिसली असती की फळी खोटी वाटली असती. मला सरळ, बारीक, जवळ जवळ रेषांची हवी होती, आठदहा शीट उलगडून त्याने शेवटी शोधून दिली. सागाचे छिद्र तरीही जरा ठळकच दिसतात, हे मान्य करून घ्यायला लागतं. ४ मिलिमीटरच्या पट्ट्या कापल्या, म्हणजे खऱ्या मापात दहा इंची फळी. लांबी ११.४ सेंटिमीटर, म्हणजे २४ फूट, आणि सांधे असे की एकाच बल्कहेडवर दोन सांधे आले तर त्यांच्यामधे किमान तीन अखंड फळ्या पाहिजेत, नाहीतर खऱ्या जहाजाचं अंग तिथे कमजोर होतं. प्रत्येक पट्टीच्या एका कडेला पेन्सिल फिरवली, ती डांबर भरलेल्या फटीची रेघ.

सागात तेल असतं, गोंद धरत नाही नीट, म्हणून चिकटवायच्या आधी प्रत्येक पट्टीची आतली बाजू ॲसिटोनने पुसली. आणि पाणी पूर्णच टाळलं. हलवर आणि पट्टीच्या आत दोन्हीकडे फेव्हिकॉलचा पातळ हात, तो वाळू द्यायचा अगदी पारदर्शक होईपर्यंत, मग पट्टी जागेवर ठेवून प्रवासातल्या छोट्या इस्त्रीचं टोक फिरवायचं, वाळलेला गोंद उष्णतेने पुन्हा मऊ होतो आणि धरतो. चिमटे नकोत, वाट बघणं नको, लाकूड ओलं होतच नाही. हे मला जुलैमधे सुचलं असतं असं नाही म्हणणार, आतल्या जाड थराला हे जमतही नाही, पण या थराला आपल्या हवेत यापेक्षा चांगलं मला काही सापडलं नाही. दिवाळी धरून नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दोन्ही बाजू पुऱ्या झाल्या. वहीत तास लिहीत होते, उचकटलेलं धरून १६१.

डिसेंबरमधे चार दिवस हवा खरंच कोरडी झाली, ओठ फुटायला लागले, तेव्हा मी मुद्दाम जहाज खाली काढून टॉर्च लावून बघितलं. उजवीकडे मागच्या पाचरीच्या टोकाला केसाएवढी फट आहे, सहाव्या आणि सातव्या फळीच्या मधे. बाकी कुठेही नाही. ती मी भरली नाहीये, जूनमधे ती आपोआप बंद होते का ते बघायचंय, पेन्सिलने बाजूला बारीक तारीख टाकून ठेवलीये.